गोताचा न्याय आणि गावकुसाबाहेरची माणसे

(वळसंग येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गावगाड्यातील न्यायाविषयी वळसंगमध्ये बोलायचे, तर आरंभ येथील विहिरीपासूनच केला पाहिजे. दलित बांधवांनी ती स्वतःच्या श्रमाने खोदली आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे येऊन तिचे पाणी प्यायले. गावात पाणवठे असताना काही माणसांना वेगळी विहीर का खोदावी लागली, हा प्रश्न मनात जागा ठेवूनच जुन्या न्यायव्यवस्थेची परीक्षा करावयास हवी.

त्या व्यवस्थेचा गौरव अगदीच निराधार नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला की पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे मजालशीत बसत. वादी-प्रतिवादींकडून राजीनामे, म्हणजे निवाडा मान्य करण्याची कबुली, लिहून घेत. साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. पाटलाच्या नावापुढे नांगराची, कारागिरांच्या नावांपुढे त्यांच्या हत्यारांची निशाणी असे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानीत. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टननेही १८१९ च्या अहवालात पंचायतीला न्यायदानाचे प्रमुख साधन म्हटले.

चोरीच्या बाबतीत गावाची जबाबदारी सामुदायिक होती. जागले आणि रामोशी चोराचा माग काढीत. माग ज्या गावच्या शिवेत थांबे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा, चोर हजर करावा किंवा भरपाई भरावी, असा रिवाज होता. फौजफाट्यावाचून चालणारी ही व्यवस्था आहे खरी. पण रात्रभर पहारा करणाऱ्याची वस्ती गावकुसाबाहेर होती आणि चोरी झाली की पहिला संशयही त्याच्यावरच येई. जबाबदारी त्याची आणि अधिकार पाटलाचा, अशी ही वाटणी होती.

पुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्य करावे लागे. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहर करायची आणि काही दिवसांनी पाहायचे. हात भाजलेला दिसला की माणूस खोटा! जिंकणाऱ्याकडून शेरणी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घेतली जाई, म्हणजे दोन्ही बाजूंनी सरकारचाच लाभ. शिक्षाही जात पाहून ठरे. ब्राह्मणाला सहसा देहदंड नसे. शिवाय वाळीत टाकण्याचे शस्त्र होतेच. ज्याला कोणी विस्तव देत नाही, ज्याच्या मुलीला स्थळ मिळत नाही, त्याला तुरुंगाची गरज काय?

इंग्रजांनी जुलूम संपवला, हेही खरे नव्हे. रखवालीचे हक्क गेल्याने असंतुष्ट झालेल्या रामोश्यांना घेऊन उमाजी नाईक लढला. १८३२ साली त्याला फाशी झाली. पुढे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात कोंडली गेली. हा कलंक कायद्याच्या पुस्तकातून १९५२ साली पुसला गेला. लोकांच्या मनातून तो अजून पुसायचा आहे.

बहिष्काराचेही तेच. त्याविरुद्धचा १९४९ चा मुंबई राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला. जातपंचायतींविरुद्धच्या दीर्घ लढ्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली नवा कायदा केला व तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण वाळीत पडलेला माणूस फिर्याद द्यायला एकटा निघाला, तर कायदा कागदावरच राहतो. त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत जाणे, हे आपले काम आहे.

तंटा गावातच मिटावा, हे आपल्यालाही हवे आहे. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेमागील हेतूही तोच होता. परंतु मिटवणारे कोण, हा प्रश्न विचारल्यावाचून राहू नका. त्या बैठकीत शेतमजूर आहे का? स्त्री आहे का? भटक्या-विमुक्तांचा माणूस आहे का? ती सारी सतरंजीवर बरोबरीने बसली असतील, तर तो लोकांचा न्याय. ती दाराबाहेर उभी असतील, तर ती जुनीच मजालस समजा आणि तिला आव्हान द्या. वळसंगच्या विहिरीने आपल्याला एवढे तरी शिकवले पाहिजे.