गाडी बंद पडली, दोर आणू का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. सुरुवातीला खालच्या पार्किंगमध्ये स्कूटर आणि लुनाच जास्त, कार मोजून तीन. आता जागेवरून दर सभेत वाद होतो, आणि बऱ्याच गाड्या बिनक्लचच्या आहेत. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, गाडीवर बोला." बोलतो. पण आज फुशारकी नाही, स्वतःची एक चूक सांगणार आहे.

२२ सप्टेंबर २०२३ ची रात्र बर्डीत कोणी विसरलं नसेल. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली. मोरभवनच्या स्टँडवर बसेस पाण्यात उभ्या होत्या. आपल्या पार्किंगमध्येही पाणी शिरलं. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. भाऊंच्या डाव्या पायात ताकद नाही, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. ती गाडी म्हणजे त्यांचे पायच. वहिनींनी विचारलं, "चालू करून पाहू का?" मी म्हटलं, "किल्लीला हात लावू नका." एवढं मात्र बरोबर सांगितलं. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

क्रेनवाल्यांकडे त्या दिवसांत ही रांग! तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. पुतण्याची जीप आणली, दोर बांधला, "न्यूट्रलमध्ये टाका, काही होत नाही" म्हणालो आणि हिंगणा रोडच्या गॅरेजपर्यंत गाडी ओढत नेली. पुढची चाकं रस्त्यावर, वेग चाळीसच्या आसपास.

इंजिन वाचलं. गिअरबॉक्स गेला. मेकॅनिकने तेल काढून दाखवलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ दिसलं असतं. हे काळं होतं, जळकट वासाचं. म्हणजे पुराने नाही, मी घालवला. विमा कंपनीनेही तेच म्हटलं आणि गिअरबॉक्सचे पैसे दिले नाहीत. भाऊ चार महिने घरात बसून होते. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

आता कारण ऐका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप असतो, तो इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. पण चाकं रस्त्यावर फिरली की गिअरबॉक्सचा आतला भाग फिरतच राहतो, तोही कोरडा. न्यूट्रलने इंजिनाशी नातं तुटतं, चाकांशी नाही. गंमत बघा, बस लांब ओढायची असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट काढायचा, हे मी पोरांना किती वर्षं शिकवलं! भाऊंच्या गाडीला तो शाफ्टच नव्हता, म्हणून डोक्यात प्रकाश पडला नाही.

तेव्हा लक्षात ठेवा:

सगळ्यात उत्तम म्हणजे चारही चाकं वर घेणारी सपाट ट्रॉलीची गाडी. फोन करतानाच "गाडी ऑटोमॅटिक आहे" सांगा. चारही चाकांना ताकद जाणारी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर दुसरा विचारच नको.

ती मिळालीच नाही तर ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते, ती वर उचललेली हवीत. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची असतात. मग मागची चाकं जमिनीवर चालतील, फक्त हँडब्रेक सोडा.

पार्कमध्ये असलेली गाडी ओढू नका, आतला खटका तुटतो. बॅटरी गेली असेल तर बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ एक छोटं झाकण असतं. त्याखालची कळ दाबली की दांडा सुटतो. धक्का मारून ऑटोमॅटिक सुरू होत नाही, उगाच चार जणांची कंबर धरते.

एएमटी वेगळी. २०१४ साली सेलेरिओबरोबर आली ती. आत साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम यंत्र करतं. पण वीज नसेल तर ती गिअरमध्येच अडकू शकते. काही कंपन्या थोडं अंतर, कमी वेगात ओढायला परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत. गाडीसोबतचं पुस्तक वाचा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, राजेहो!

दोराने ओढायचंच झालं तर नियम असा: दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे त्या माणसाला आधी सांगा. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली फिरवलेली हवी.

शेवटी एक विनंती. वॉचमनच्या केबिनमध्ये मी एक वही ठेवली आहे. आपल्या गाडीचा गिअरबॉक्स कोणता, ताकद कोणत्या चाकांना, हुक कुठे ठेवला आहे, एवढंच लिहायचं. मेकॅनिक येईल तेव्हा आपण गावाला असू, वही जागेवर असेल. पहिली नोंद भाऊंची आहे, त्यांनी स्वतःच्या हाताने केली. वर मला म्हणाले, "आता दोर तुमच्याकडे ठेवू नका."

दोर मी त्यांच्याच स्वाधीन केला आहे.