गळदोराची निवड

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात मंडईभोवतालच्या गल्ल्यांतून जाणाऱ्यास मोगऱ्याचे हार, केळीचे घड, अगरबत्ती आणि कुंकवाचे ढीग यांचा वास प्रथम भेटतो. नदीचा भेटत नाही. परंतु श्रीरंगपट्टणाची कावेरी तेथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर आहे आणि त्याहून थोडे लांब, तिरुमकूडलू नरसीपुरास, कपिला म्हणजेच कबिनी तिला येऊन मिळते. ह्या मोहल्ल्यातील एखाद्या गृहस्थास मासेमारीचा नाद असेल, तर रविवारच्या सहलीचे अर्धे यशापयश शनिवारी रात्री, दिव्याखाली बसून तो ज्या गाठी मारतो त्यांतच ठरून जाते.

येथे विचार आहे तो काठीने केलेल्या मासेमारीचा नव्हे, हातदोराचा. नाव संथपणे चालवावयाची, मागे दोर सोडावयाचा, दोराच्या टोकाशी चकाकणारा पत्र्याचा चमचा फिरत ठेवावयाचा, आणि मासा लागला की तो हातानेच ओढून घ्यावयाचा. मुख्य दोर जाड व बळकट असतो. त्याच्या आणि गळाच्या मध्ये वाव-दोन वाव लांबीचा निराळा, बारीक तुकडा जोडलेला असतो. इंग्रजीत त्यास लीडर म्हणतात. सोयीसाठी येथे गळदोर म्हटले आहे. नवखा मनुष्य चमच्याच्या चकाकीवर पैसे खर्च करतो आणि गळदोर हाताला येईल तो बांधतो. वास्तविक क्रम उलटा असावयास हवा.

काठीने मासे धरणाऱ्याची काठी वाकते आणि माशाचा हिसका गिळून टाकते. हातदोरात काठीच नाही. हिसका सोसावयाचा तो एक मनुष्याच्या मनगटाने आणि दुसरा गळदोराच्या लवचिकपणाने. म्हणून ज्या गळदोराला ताण घेऊन लांबण्याचा गुण नाही तो कितीही बळकट असला तरी हातदोराच्या उपयोगाचा नाही. अलीकडे मिळणारा विणीचा कृत्रिम धागा बारीक असून अतिशय मजबूत असतो, परंतु तो मुळीच ताणत नाही, खडकाच्या कडेवर घासला की तुटतो, आणि ओल्या तळहातात सुरीसारखा उतरतो. साध्या नायलॉनचे तसे नाही. पाणी प्याल्यावर त्याची ताकद काहीशी घटते हे खरे, तरी तो ताणतो आणि पुन्हा मूळ लांबीवर येतो.

नायलॉन बाजारात आला तो १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी गळदोर करीत ते रेशमाच्या किड्याच्या पोटातील ग्रंथीपासून. ग्रंथी शिर्क्यात भिजवून लांब ओढीत आणि वाळवीत. तो धागा कोरडा असताना ठिसूळ असे, म्हणून गाठ मारण्यापूर्वी पाण्यात भिजत ठेवावा लागे. मौज अशी की हा माल स्पेनमधील मुर्सियाकडून जगभर जात असे. ज्या म्हैसुरात घरोघर रेशमी साडीचे कौतुक, तेथील साहेबाच्या गळाचे रेशीमही परदेशचेच!

पोलादी तारेचा गळदोर समुद्रावर योग्य. कोकण किनाऱ्यावर सुरमईच्या दातांपुढे नायलॉनचा टिकाव लागत नाही. नदीतला शिवडाही मोठ्या तोंडाचा आणि दातांचा मासा आहे. पण त्याचे दात बारीक व दाट असतात, ते कापीत नाहीत, घासून झिजवितात. त्याला जरा जाड नायलॉन पुरे. तारेत आणखी एक दोष असा की तिला एकदा मुरड पडली की ती तेथेच, अगदी हलक्या ओढीने, तुटते.

शिवडा धरावा ह्या हेतूने दोर सोडला, तरी चमच्यावर कोण झडप घालील ते मासेमाराच्या हाती नसते. कावेरीच्या डोहात महाशीरही असतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि त्यांनी तो शिंपला व खेकडा चिरडतो. त्याचा गळदोर तुटतो तो दातांनी नव्हे, तर त्याने खडकांत घेतलेल्या मुसंडीने. १९४६ साली म्हैसूरच्या डी वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनीतून १२० पौंडांचा महाशीर काढला होता. प्राण्यांच्या कातड्यांत पेंढा भरून ते जिवंत वाटावेत असे करण्यात ह्या घराण्याची ख्याती होती. तो कुबडाचा महाशीर जगात केवळ कावेरीच्या खोऱ्यातच आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव निश्चित होण्यास २०१८ साल उजाडले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. धरणे, वाळूचा उपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे आहेतच. परंतु एक कारण मराठी श्रोत्यास खटकेल असे आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० नंतर महाशीराची पैदास यशस्वी झाली, आणि तेथील जातीची पिल्ले कर्नाटकातील पाण्यांतही सोडण्यात आली. ही जात आपली दख्खनची. तिचे 'खुद्री' हे नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याकडील मुळा-मुठेच्या माशावरून शास्त्रात आणले. हेतू चांगलाच होता. पण पाहुणा घरभर झाला आणि मूळ धनी कोपऱ्यात गेला.

तेव्हा गळदोर निवडावयाचा तो हव्या असलेल्या माशासाठी नव्हे, चुकून लागणाऱ्या माशासाठी. गळदोर फार बारीक घेतला तर मासा फार वेळ झुंजतो आणि सोडल्यावरही दमून मरतो. फार जाड घेतला तर मुख्य दोरच कोठेतरी तुटून पंचवीस-तीस वाव दोर माशामागे जातो. तो दोर खडकात अडकला की मासा खुंटाला बांधल्यासारखा राहतो. यावर उपाय गाठीत आहे. फिरकीकडील गाठ दोर दुहेरी करून मारावी आणि गळाकडील गाठ एकेरी ठेवावी, म्हणजे तुटावयाचे झालेच तर ते गळाशी तुटेल आणि माशाच्या ओठात केवळ गळ राहील. गळही न गंजणाऱ्या पोलादाचा नसावा. शिसे तर गळदोरावर कधीच बांधू नये. ते फिरकीच्या वर, मुख्य दोरास कच्च्या सुती धाग्याने टांगावे. शिसे दगडात अडकले की धागा तुटतो. शिसे जाते, बाकीचे सर्व परत येते.

लांबीविषयी वाद फार. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील डेट्रॉइट नदीत वॉलआय नावाच्या माशासाठी हाच हातदोर चालतो. तेथे पौंड-दीड पौंडाचे शिसे तळाशी ठेवून वरच्या तारेस निरनिराळ्या लांबीचे दोन-तीन गळदोर जोडतात, म्हणजे ते एकमेकांत गुंतत नाहीत. कावेरीवर हे अनुकरण करण्यात अर्थ नाही. तेथे यंत्राची नाव असते. येथे बांबूचा, टोपलीसारखा गोल हरिगोलु. त्याला नाक नाही की शेपूट नाही. वल्हे मारताना तो स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि दोन दोर असले तर त्यांची वेणी घालतो. गळदोर एकच असावा. गढूळ पाण्यात तो एक वाव पुरे. पावसाळा संपून पाणी निवळले की दोन वाव हवा, कारण शिशाची सावली आणि चमचा यांत अंतर पडले नाही तर मासा संशय घेतो. दोनाहून अधिक मात्र नको. शेवटचा हा बारीक भाग हातानेच ओढावा लागतो, आणि त्या वेळी मासा नावेखाली शिरलेला असतो.

हे सर्व परवाना असेल तेथेच. रंगनतिट्टूच्या पक्षी अभयारण्यात गळ टाकता येत नाही, आणि पुढे भीमेश्वरीकडील कावेरी अभयारण्यात पूर्वी चालणारी हौशी मासेमारी २०१० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली.

महाशीर लागलाच तर त्याला पाण्याबाहेर काढू नये. नावेच्या कडेशी धरून, गळ सुटत नसेल तर कात्रीने गळाशी लागूनच गळदोर कापावा. उरलेला तुकडा पुन्हा बांधण्याच्या मोहात पडू नये. त्यावर खडकाचे ओरखडे असतात आणि ते दिव्यापेक्षा नखाला अधिक चांगले कळतात. तो तुकडा नदीत टाकण्यासारखाही नसतो. नायलॉन कुजत नाही, आणि रंगनतिट्टूचे चित्रबलाक व पाणकावळे ह्याच पाण्यात मासे शोधीत उतरतात. तो खिशात घालून देवराज मोहल्ल्यात परत आणावा, आणि पुढच्या शनिवारी नवा बांधावा.