छाटीचा हिशोब आणि नववीतली मुलगी

(सोलापुरात कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मुलीची आणि तिच्या घरच्यांची ओळख मुद्दामच दिलेली नाही.)



मला विषय दिलाय 'मुली आणि नवं तंत्रज्ञान'. मी टिपणं काढायला बसले आणि थोड्या वेळानं ती बाजूला ठेवून दिली. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलणं मला बरं वाटेना.

मी विडी कामगारांच्या वस्तीत काम करते. तुमच्यापैकी बऱ्याचजणी तिथं येऊन गेल्या आहात. घराघरात बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. पानं भिजवायची, कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायच्या, दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

अशाच एका घरातली ही मुलगी, नववीत शिकणारी. आईला लिहितावाचता येत नाही. रोज किती विड्या दिल्या, छाट किती गेली, पैसे किती आले, हे सगळं मुलगी पाचवीपासून वहीत लिहिते. घरात एकच मोबाइल, तोही भावाचा. तो रात्री जेवायला बसला की अर्धा-पाऊण तास हिच्या हातात. तेवढ्यात ती काय बघते? मला वाटलं होतं, गाणी. ती बघायची कॉम्प्युटरच्या बातम्या! नवी चिप कोणी काढली, कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, चॅटजीपीटी मराठीत उत्तर देतं का. शाळेत कॉम्प्युटरची खोली आहे, पण ती बहुतेक वेळा कुलपात. म्हणून मोबाइलवरच ती पायथॉन शिकायला लागली. ही कॉम्प्युटरला सूचना द्यायची भाषा, १९९१ पासून आहे, फुकट मिळते.

एकदा केंद्रावर येऊन तिनं मला विचारलं, "ताई, मशीनला बायकांचा राग कसा काय येतो?"

मला काहीच कळेना. तिनं वाचलेली बातमी २०१८ सालची होती. अॅमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज तपासायला एक यंत्रणा तयार केली होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकायला दिले, ते बहुतेक पुरुषांचे. त्यावरून यंत्रणा शिकली की पुरुष असणं चांगलं. अर्जात 'महिलांचा बुद्धिबळ संघ' असं काही आलं की गुण कमी. शेवटी कंपनीला ते काम सोडून द्यावं लागलं. ही सगळी हकिगत सांगून मुलगी म्हणते, "म्हणजे आमच्या कन्या प्रशालेचं नाव लिहिलं की झालंच!"

एम. एस. डब्ल्यू. करताना लिंगभावावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. इतक्या सरळ शब्दांत मला ते कधी मांडता आलं नाही.

आणखी एक तिनंच मला सांगितलं. कॉम्प्युटर हा शब्द आधी माणसांसाठी होता. हातानं गणितं करणाऱ्यांना म्हणायचे, आणि त्यांत बायका पुष्कळ. अमेरिकेत १९४६ साली एनिअॅक नावाचं अवाढव्य यंत्र लोकांना दाखवलं, त्याला कामाला लावणाऱ्या सहा बायका होत्या. कार्यक्रमात त्यांची ओळखसुद्धा करून दिली नाही. कित्येक वर्षांनी त्यांची नावं लोकांना कळली. हे सांगताना तिचा आवाज चढला होता.

आता माझी चूक. शाळेच्या सांगण्यावरून मी 'मोबाइलचे धोके' यावर पालकांची सभा घेतली. फोटोंचा गैरवापर, अनोळखी माणसं, फसवणूक, सगळं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण शेवटी, टाळ्या मिळतात म्हणून म्हणा, मी बोलून गेले, "मुलींच्या हातात शक्यतो मोबाइल देऊच नका."

आठवड्यानं मुलगी केंद्रावर यायची थांबली. मी घरी गेले. भाऊ दारातच म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगितलं ना? आता द्या म्हणायला आलात काय?" वडील म्हणाले, दहावी झाली की बघू, नाहीतर विड्या आहेतच. मुलगी आत पानं कापत होती. तिनं वर पाहिलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. सभेला मुलगेही होते, त्यांच्या मोबाइलबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरलं होतं, पुरुषांपैकी ५७ टक्क्यांनी. हा आकडा मी स्वतः फलकावर लिहून प्रशिक्षणं घेतली आहेत! आणि केरळ उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही मला माहीत होता. वसतिगृहातल्या मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल बंदी होती. एका विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तिला काढून टाकलं, ती कोर्टात गेली. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं आणि तिला परत घ्यायला लावलं. एवढं माहीत असून सुरक्षिततेच्या नावाखाली मी मुलींनाच घरात कोंडून आले.

पुन्हा गेले ती आईला भेटायला. म्हटलं, "अक्का, माझं चुकलं." ती काही बोलली नाही. उठून डब्यामागून एक वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. मोबाइल जायच्या आधी मुलीनं पायथॉनमध्ये छाटीचा हिशोब मांडला होता आणि उत्तर वहीत उतरवून ठेवलं होतं. तीन महिन्यांच्या नोंदी, कोणत्या दिवशी कोण तपासायला होतं, छाट किती. एक ठरावीक माणूस बसला की छाट जवळजवळ दुप्पट. हात तोच, पानं तीच, तंबाखू तोच.

"हे आम्हाला माहीतच होतं," अक्का म्हणाली. "पण असं दाखवता येतं, ते माहीत नव्हतं."

दाखवायचं की नाही, यावर वस्तीत चार बैठका झाल्या. काम जाईल ही भीती खरी होती, ती आम्ही हसण्यावारी नेली नाही. शेवटी एकटीची वही न्यायची नाही असं ठरलं. अकराजणींनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. महिन्यानं त्या कारखान्यात गेल्या. तपासणारा आधी हसला, मग विचारलं, "हे कोणी काढलं?" अक्कानं उत्तर दिलं, "आमच्यापैकी एकीच्या पोरीनं." नाव सांगितलं नाही. छाट थोडी कमी झाली आहे, बंद झालेली नाही. ते भांडण चालू आहे.

मोबाइल? परत मिळाला, पण भाऊ शेजारी बसेल या अटीवर. ती अट मला मान्य नाही आणि मुलीलाही नाही. तिनं मात्र शेजारी बसलेल्या भावालाच पायथॉन शिकवायला घेतलंय.

मी शाळेत पुन्हा सभा घेतली आणि ते वाक्य सगळ्यांसमोर मागं घेतलं. टाळ्या पडल्या नाहीत. आता कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली आठवड्यातून दोन दिवस मुलींसाठी मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या मंगळवारी आया मुख्याध्यापकांकडे जाणार आहेत. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी अकराला शाळेच्या फाटकापाशी या.