लहान शहरांचा विकास आणि कामकऱ्यांचे बारा महिने



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला लहान शहरांच्या विकासावर बोलावयास सांगितले आहे. विषय मोठा आहे, आणि बोलणारे आम्ही हमाल-मापाड्यांत व रोजंदारीवरच्या बायाबापड्यांत वावरणारे. आमची विद्या वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच व्याख्यानांच्या मागच्या रांगेत झाली. तेव्हा पंडिती विवेचन आमच्याकडून होणार नाही. हिशेब मात्र चोख मांडू.

हल्ली लहान शहरांच्या चांगल्या जीवनाविषयी जगभर बोलले जाते. १९९९ साली इटलीतील ओर्व्हिएतो, ग्रेव्हे, ब्रा आणि पोझितानो ह्या चार गावांनी मिळून ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ शहर, नावाची चळवळ काढली. तिचे चिन्ह गोगलगाय. तिच्यात येणाऱ्या शहराची वस्ती पन्नास हजारांच्या आत असावी लागते. रस्ता पायी चालणाऱ्याला मोकळा असावा, गावचे अन्न गावात खपावे, कारागीर टिकावेत, गोंगाट कमी व्हावा, असा तिचा आग्रह. वस्तीच्या हिशेबाने आपले नवापूर आणि तळोदा त्यात सहज बसतील. नंदुरबार मात्र २०११ च्या जनगणनेतच एक लाख अकरा हजारांवर गेले आहे.

विचार चांगला आहे. पण तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. कारण संथपणा आपल्याकडे पूर्वीपासून आहे! नळाला पाणी येण्याची वाट पाहणे, कचेरीच्या दारात ताटकळणे, मजूर अड्ड्यावर दुपारपर्यंत बसून राहणे, हा आपला संथपणा. त्याला निवांतपणा म्हणत नाहीत, खोळंबा म्हणतात. पोटाची काळजी मिटलेला माणूस निवांत होतो. ती न मिटलेला नुसता खोळंबतो. म्हणून शहराच्या विकासाचा प्रश्न आम्ही असा विचारतो : ह्या शहराची संपत्ती जे निर्माण करतात, त्यांना बाराही महिने येथे माणसासारखे राहता येते काय?

उदाहरण दूरचे नको. नंदुरबारचे नाव देशात गाजते ते मिरचीने. दिवाळीच्या सुमारास ओली लाल मिरची बाजारात येऊ लागते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ती वाळत पडते. वरून पाहिले तर जमिनीवर तांबडे जाजम अंथरल्यासारखे दिसते, आणि पाहुणे त्याची छायाचित्रे घेतात. त्या जाजमावर वाकून मिरची पसरणाऱ्या, उलटणाऱ्या, निवडणाऱ्या, देठ खुडणाऱ्या आपल्या मायबहिणी आहेत. हाताची आग रात्री झोपू देत नाही, ठसका दिवसभर सोडत नाही. ह्या बायांना काय हवे म्हणून विचारले, तर त्या अगोदर मजुरी सांगतात, आणि मागोमाग खालच्या आवाजात सांगतात, ‘भाऊ, आडोसा तेवढा करा.’ सावली, पिण्याचे पाणी, आडोसा आणि तान्ह्या मुलासाठी झोळी टांगण्याची जागा, एवढे ज्या शहराला आपल्या मुख्य धंद्याच्या ठिकाणी जमत नाही, त्याने वेशीवर कमान उभारली म्हणून त्याचा विकास झाला असे आम्ही मानणार नाही.

ह्यात केवळ दयेचा प्रश्न नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अवकाळी पाऊस आला आणि उघड्यावरची मिरची भिजली. नुकसान व्यापाऱ्याचे झाले, आणि मजुराचा रोजही बुडाला. जे छप्पर बाईला सावली देईल, तेच मालाला पावसापासून वाचवील. ऋतूंचा भरवसा उरलेला नाही अशा काळात टिकाऊ विकास म्हणतात तो हाच. तो पथारीवरच्या पत्र्यापासून सुरू होतो.

आता दुसरी बाजू पाहा. ज्या महिन्यांत पथारीवर हात कमी पडतात, त्याच महिन्यांत धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन, कोयता खांद्यावर टाकून, दक्षिण गुजरातेत ऊस तोडावयास जातात. डच अभ्यासक यान ब्रेमन ह्यांनी बारडोलीकडच्या खानदेशी ऊसतोड्यांच्या हालांवर विस्ताराने लिहिले आहे. ही माणसे आपल्या शहराच्या अंगावरून पुढे का निघून जातात? मुकादम अडचणीच्या वेळी रोकड देतो आणि हंगामभराचे काम सांगतो. आपण देतो ती दिवसाची मजुरी, आणि रात्री कोठे पडावे ह्याचे उत्तर नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार कार्ड दिले गेले. माणसाला क्रमांक देण्याचा आरंभ आपल्या जिल्ह्यात झाला, ही भूषणाची गोष्ट खरी. पण क्रमांकाबरोबर माणसाला स्वतःच्या जिल्ह्यात काम आणि निवारा मिळावयास हवा.

कोणी म्हणेल, डोंगरातल्या माणसांचा भार शहराने का वाहावा? त्यांना आम्ही ह्याच मातीचा इतिहास सांगतो. १९७२ साली शहाद्यास भूमुक्तीचा मेळावा झाला, अंबरसिंग सुरतवंतींसारखे आदिवासी पुढारी उभे राहिले, श्रमिक संघटना उभी राहिली. त्याच दुष्काळी काळात वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिला पैसा कोठून आला? शहरांतल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर १९७५ साली बसवलेल्या व्यवसाय करातून. म्हणजे खेड्यातल्या कामासाठी शहराने वाटा उचलावा, हे महाराष्ट्राने एकदा मान्य करून कायद्यात घातलेले तत्त्व आहे. आम्ही नवे काही मागत नाही.

मागणे तीन आहेत. पहिले, नगरपालिकेच्या विकास आराखड्यात पथाऱ्यांना कायमची जागा मिळावी. तेथे छप्पर, पाणी, शौचालय आणि पाळणाघर असावे. आज प्लॉट पाडावयाचे आणि पथारी आणखी दूर ढकलावयाची, असे चालले तर बाईचा निम्मा दिवस चालण्यात जाईल. दुसरे, हंगामात डोंगरातून येणाऱ्या कुटुंबांसाठी निवारा बांधावा. तिसरे, पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा अक्षरशः पाळावा. त्याच्या समितीत चाळीस टक्के जागा निवडून आलेल्या विक्रेत्यांच्या, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, असे तो सांगतो. भाजीवालीला उठवून केलेला रस्ता रुंद दिसेल, पण त्यावरून चालणाऱ्याला ताजी भाजी मिळणार नाही.

हे करून कोण घेणार? चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना. आपल्यासारख्या लहान शहरांना तो दरवाजा नाही; म्हणून आपला दरवाजा आपणच करावा लागेल. अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी दरवर्षी गल्लीगल्लीत सभा घ्या. हमालाला आणि पथारीवरच्या बाईला त्या सभेत पुढच्या रांगेत बसवा. कोणते काम आधी, कोणते मागून, हे त्यांच्या तोंडून ऐका आणि लिहून नगरपालिकेला द्या. एका वर्षात सारे होणार नाही. १९६९ चा माथाडी कायदाही पाठीवर पोती वाहणाऱ्यांना एका दिवसात मिळालेला नव्हता.

९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती ह्याच नंदुरबारात गोळीला सामोरे गेले. त्यांच्या स्मारकाला आपण दरवर्षी हार घालतो. शहर आपले आहे असे मानणारी ती मुले होती. तसे म्हणण्याचा हक्क पथारीवरच्या बाईला आणि कोयता घेऊन निघालेल्या माणसाला मिळावा, यासाठी येत्या अंदाजपत्रकापूर्वी पहिली सभा कोणत्या गल्लीत घ्यावयाची, ते आज घरी जाण्याआधी ठरवा. बोलवाल तेथे आम्ही येऊ.