मुळशीचें पाणी आणि गिरण्यांचीं गोदामें

गोदामांतला माल दोन तऱ्हेचा असतो. एक पुढील हंगामाच्या भरंवशावर मुद्दाम सांठविलेला. दुसरा, गिऱ्हाईक न आल्यामुळें नाइलाजानें सांठलेला. वहींत दोहोंची नोंद एकाच सदरांत होते. फरक उमगतो तो पुढें, व्याज भरतांना.

मुंबईच्या गिरणीधंद्याला हा फरक पहिल्या महायुद्धानंतर कळला. युद्धकाळांत मँचेस्टरच्या कापडाची आयात घटली, देशी कापडास मागणी आली, आणि १९२२ पर्यंत गिरण्यांनीं भरपूर नफा मिळविला. ही मागणी अशीच टिकेल या अजमासानें चात्या व माग वाढले. विजेची गरजहि वाढली. १९१९ मध्यें टाटा पॉवर कंपनी निघाली व मुळशी पेट्याकडे तिची दृष्टि वळली. आंबेमोहराचीं खाचरें बुडणार म्हणून १९२१ मध्यें सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. तो १९२४ मध्यें मावळला; धरण मात्र उभें राहिलें, आणि १९२७ मध्यें मुळशीचें पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजगृहांत पडूं लागलें.

एव्हांना बाजार पालटला होता. चीनमधील सुताचें गिऱ्हाईक जपाननें नेलें होतें, आणि जपानी कापड खुद्द मुंबईच्या पेठेंत उतरत होतें. गिरण्यांत माल तुंबला. १९२५ मध्यें मालकांनीं मजुरींत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली व सुमारें दीड लाख कामगार संपावर गेले. गोदाम भरलेलें असतां गिरणी थोडे दिवस बंद राहिली तर मालकाचें फारसें अडत नाहीं. कामगाराच्या घरीं मात्र सांठा नसतो. डिसेंबरांत सरकारनें कापडावरील अबकारी कर तहकूब केला, तेव्हां कपात मागें घेतली गेली.

जकातीनें तुंबा फुटतो असें नाहीं. कधीं कधीं तो नुसता जागा बदलतो. १९३३ मध्यें ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेतांच जपाननें हिंदी कापसावर बहिष्कार घातला, आणि चिंता गिरणीवाल्यांकडून कापूसवाल्यांकडे गेली. अखेर १९३४ च्या करारांत जपाननें १० लक्ष गांठी कापूस घ्यावा व ३२॥ कोटि वार कापड पाठवावें, अशी सांगड घातली गेली.

मुंबईच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडल्या. मुळशीचें पाणी आजहि भिऱ्याला उतरतें.