घरातला समुद्र आणि त्यातली कोळंबी
(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यवाहांना मी विषय सांगितला, ‘कोळंबी’, तेव्हा त्यांनी आधी विचारलं की हा पाककृतीचा कार्यक्रम आहे का. नाही. ही कोळंबी काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात पाळायची आहे. तीही इथं इंदुरात, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, पाणीपुरवठ्यातला सरकारी माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध नाही. पण या छंदात आपण खरं म्हणजे पाणी पाळतो. पाणी सांभाळलं की कोळंबी आपलं आपण बघते.

बहुतेक लोक ‘क्लीनर श्रिम्प’ आणतात. लाल पाठ, तिच्यावर मधोमध पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. ती माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी खाते. टाकीत हात घाला, तुमची नखंही साफ करून देईल. दोन असल्या तर दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसतात, कारण वाढ झालेली प्रत्येक कोळंबी एकाच वेळी नरही असते आणि मादीही. पिल्लं मात्र घरच्या टाकीत सहसा जगत नाहीत. दुकानातल्या बहुतेक कोळंब्या प्रवाळांवरून पकडूनच आणलेल्या असतात. म्हणून माझं मत कडक आहे : टाकी तयार नसेल तर कोळंबी आणू नका, मुलं कितीही रडली तरी.

तयार म्हणजे काय? मीठ घातलं की समुद्र झाला, असं होत नाही. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं. मत्स्यालयासाठीचं मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. ते बादलीत कालवून, पंप लावून एक दिवस फिरू द्यायचं. घनता १.०२५ च्या आसपास. मग टाकी चार ते सहा आठवडे कोळंबीविना चालवायची, कारण अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत दुकानाकडे फिरकू नका.

आता तांबं. आपल्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह असतं, कोळंबीच्या रक्तात तांबं. तरीही पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं तिला विष आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी माशांवर पांढरे ठिपके आले. दुकानदाराने बाटली दिली, ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून. मासे बरे झाले. कोळंब्या सकाळपर्यंत गेल्या. औषधात तांबं होतं. वाईट म्हणजे ते दगडात आणि वाळूत मुरून राहतं आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरतं. आजारी माशाला वेगळ्या टाकीत औषध द्या. घरच्या आरओमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असेल तर ते पाणीही नको. देवघरातली तांब्याची कळशी तर अजिबात नको, ती कितीही पवित्र असली तरी.

दुसरं, बदल सावकाश. पिशवीतून काढून थेट टाकीत टाकली तर खारटपणातला फरक तिला सोसत नाही. एअर पंपाच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब तिच्या भांड्यात पडू द्या, दीड-दोन तास.

मे महिन्यात पंखा लावून टाकी थंड ठेवली की पाणी भराभर उडतं. मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नव्हे. लोक नेमकं उलट करतात. वीज जाते त्याचीही सोय हवी, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. बॅटरीवरचा एअर पंप स्वस्त मिळतो.

एका गोष्टीने घाबरू नका. सकाळी उठून बघाल तर कोळंबी आडवी पडलेली, पारदर्शक, आतून पोकळ. ती कात आहे. साधारण महिन्या-दीड महिन्याला ती कात टाकते आणि कवच कडक होईपर्यंत दगडाआड लपून बसते. शोधायला दगड हलवू नका. कात तिथेच राहू द्या, ती खाल्ली जाते.

आणि गणपतीच्या दिवसांत दोन गोष्टी. घरी येणारा प्रत्येक पाहुणा कौतुकाने चिमूटभर नैवेद्य टाकतो. न खाल्लेलं अन्न कुजतं आणि अमोनिया चढतो. खाऊचा डबा लपवून ठेवा. याच दिवसांत डासांसाठी धुराची गाडी गल्लीत येते. कीटकनाशक कीटकांना मारतं, आणि कोळंबी त्यांच्याच गोतावळ्यातली. गाडीचा आवाज आला की खिडक्या लावा, टाकी झाका आणि खोलीतली हवा पाण्यात ओढणारा पंप तेवढा वेळ बंद ठेवा. घरातला स्प्रेही त्या खोलीत नको.

अमोनियाची टेस्ट किट मी बरोबर आणली आहे. ज्यांनी बाटलीत आपल्या टाकीचं पाणी आणलं असेल, त्यांनी पुढे यावं.