हाऊस कुणाचं, होम कुणाचं?

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)

'घराबद्दलचे इंग्रजी शब्द' असा विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, आज इंग्रजीचा तास आहे की काय! तसंच समजा. मात्र हा तास शाळेतला नाही. सल्ला केंद्रात बाई कागदांची पिशवी घेऊन येते, तेव्हा त्या कागदांवर जे शब्द असतात त्यांचा हा तास आहे. बाईला घरात राहता येईल की नाही, हे पुष्कळदा त्यातल्या एखाद्या शब्दावर ठरतं. आणि नेमका तोच शब्द तिला कुणी समजावून सांगितलेला नसतो.

सोप्यापासून सुरुवात करू. इंग्रजीत 'हाऊस' वेगळं आणि 'होम' वेगळं. हाऊस म्हणजे भिंती, छप्पर, दार. ते विकता येतं, गहाण टाकता येतं. होम म्हणजे जिथे आपण राहतो, जिथे आपली माणसं असतात. मराठीत दोन्हीला घरच म्हणतात. मात्र बाईसाठी आपण दोन खास शब्द केले, माहेर आणि सासर. एक आईबापांचं, दुसरं नवऱ्याचं. तिच्या स्वतःच्या घरासाठी तिसरा शब्द केलाच नाही.

इंग्रजी भाषा याबाबतीत फार पुढारलेली आहे असंही समजू नका. 'हजबंड' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्यातला पहिला भाग म्हणजे घर, आणि मूळ अर्थ घराचा धनी. आपला 'घरधनी' तोच की! 'हाऊसवाइफ'मध्येही घर आहे, पण तिथे मालकी नाही, काम आहे. हाच शब्द बोलण्यात झिजून 'हसी' झाला आणि इंग्रजीत बाईला द्यायची शिवी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्त्रियांबद्दलच्या साचेबंद शब्दांविषयी एक पुस्तिका काढली. तीत 'हाऊसवाइफ'ऐवजी 'होममेकर' सुचवलं आहे. चांगलं झालं. पण होम करणारीचा हाऊसवर हक्क किती, हा प्रश्न नाव बदलून सुटत नाही.

आता कायद्यातले शब्द. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायचा: बाई, तू राहण्याचा हक्क देतेस की मालकीचा?

पहिला शब्द 'ड्वेलिंग हाऊस', म्हणजे राहतं घर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि घरात कुटुंबाचीच माणसं राहत असली, तर भावांनी वाटणी करायची ठरवेपर्यंत मुलीला आपला हिस्सा वेगळा मागता येत नव्हता. म्हणजे हिस्सा कागदावर तिचा, किल्ली भावाकडे. तिथे राहण्याचा हक्क होता, पण तोही ती अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असेल तरच. नांदत्या मुलीला तोही नाही. हे कलम जायला २००५ साल उजाडावं लागलं. कलम गेलं, पण 'वाटणी मागितली तर माहेर तुटेल' ही धमकी अजून गेलेली नाही.

दुसरा शब्द 'मॅट्रिमोनिअल होम', नवराबायकोचं राहतं घर. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बायकोला तिथे राहण्याचा हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १९६७ साली झाला. आपल्याकडे बाई सासरच्या घरासाठी कोर्टात गेली की तिला ऐकवलं जाई, तो कायदा तिकडचा, इकडे तसा नाही.

म्हणून तिसरा शब्द सर्वांत मोलाचा, 'शेअर्ड हाऊसहोल्ड'. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला आणि ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर तिच्या नावावर असो वा नसो, कौटुंबिक नात्याने ती जिथे राहते किंवा राहिली, तिथे तिला राहण्याचा हक्क या कायद्याने दिला. पण दोनच महिन्यांत, डिसेंबर २००६ मध्ये, बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या शब्दाचा अर्थ आक्रसून टाकला. घर नवऱ्याचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा त्याच्या एकत्र कुटुंबाचं असेल तरच हा हक्क, सासूच्या नावावरच्या घरात नाही! मग काय, 'घर आईच्या नावावर आहे' एवढं म्हटलं की काम भागलं. तब्बल चौदा वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०२० रोजी, आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासूसासऱ्यांचं असलं तरी ती तिथे कायम राहण्याच्या रीतीने राहत असेल, तर ते शेअर्ड हाऊसहोल्ड होऊ शकतं. मात्र म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या शांतपणे जगण्याच्या हक्काचाही विचार करावा लागेल, असंही त्यात म्हटलं आहे.

इथे एक सावधगिरी बाळगा. 'शेअर' ऐकलं की बाईला वाटतं, आपला हिस्सा झाला. तसं नाही. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. केंद्रातून परत जाताना तिच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असलं पाहिजे.

असाच फसवा शब्द 'नॉमिनी'. "फ्लॅट माझ्याच नावावर आहे ताई," असं बाई सांगते. कागद बघावा तर ती सोसायटीत नॉमिनी! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नवऱ्यामागे सोसायटी व्यवहारासाठी तिचं नाव लावेल, पण इतर वारसांचा हिस्सा राहतोच. याची दुसरी बाजूही सांगा. नवऱ्याने भावाला नॉमिनी केलं आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तरी वारस म्हणून बायकोचा हिस्सा बुडत नाही. दीर म्हणाला म्हणून तिने घर सोडायचं कारण नाही.

मालकीचा शब्द शोधायचा तो खरेदीखतात. तिथे तिचं नाव आहे का? 'जॉइंट' असेल तर कुणाबरोबर? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती वाचवायला नवरा बायकोचं नाव लावायला तयार होतो. होऊ द्या! हेतू पैशाचा असला तरी नाव तिचंच लागतं. फक्त पुढे सही करण्याआधी तिने कागद वाचायला हवा.

मैत्रिणींनो, परत गेल्यावर गटाची एक बैठक यासाठी ठेवा. प्रत्येकीने घरातला एक कागद आणावा: खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, भाडेकरार, घरपट्टीची पावती, जे असेल ते. मोठ्याने वाचा. इंग्रजी शब्द आला की थांबा आणि विचारा, राहण्याचा की मालकीचा? कागद घरात मिळालाच नाही, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे आहे असं कळलं, तर त्या दिवशी तेवढीच नोंद करा. पुढच्या बैठकीचा विषय तिथेच मिळेल.